नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ६७ वर्षांचे, नोकरीतून निवृत्त, राहणार नागपूर. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआऊटमधल्या १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर दुमजली घर आहे, एकट्याच्या नावावर. पत्नी गृहिणी, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी लग्न होऊन वर्ध्याला. बँकेतल्या सगळ्या ठेवींना मुलगा नॉमिनी आहे, कारण 'ऑनलाइनचं सगळं तोच पाहतो'. काटोल तालुक्यात सहा एकर वावर आहे, त्यात संत्र्याचा बगीचा. हे वावर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून विकत घेतलं होतं. वडील १९९८ मध्ये गेले, तेव्हा सातबारावर फक्त दोन भावांची नावं चढली. बहिणीने तोंडी हक्क सोडला, आईचं नाव लावलंच नाही. आई आज ८९ वर्षांच्या आहेत आणि भावाकडे राहतात. मुलगा म्हणतो, "बाबा, घर आत्ताच बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून टाका, स्टॅम्प फक्त दोनशे रुपये लागतो." पत्नी म्हणते, "जितेपणी असले कागद करायचेच नाहीत." पत्रलेखकांचा प्रश्न असा: "आमच्या घरात भांडणं नाहीत. मुलीचं लग्नात भरपूर केलं. नॉमिनी लावलेला आहे. आमच्यासारख्यांना मृत्युपत्राची खरंच गरज आहे का, की बक्षीसपत्रच करून मोकळं व्हावं?"

नमस्कार.

घरात भांडणं नाहीत, ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती तशीच राहो. पण मृत्युपत्राची गरज भांडणावर ठरत नाही. तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. उद्या तुम्ही नसलात आणि तुमच्या पत्नीला हे घर विकायचं झालं, वरचा मजला गहाण ठेवून दवाखान्याचा खर्च भागवायचा झाला, तर त्यांना किती जणांच्या सह्या लागतील? 'माझ्यानंतर सगळं आपोआप बायकोचंच आहे' असं तुम्ही धरून चालला आहात. कायदा तसं म्हणत नाही.

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे त्याची मालमत्ता वर्ग एकच्या वारसांना सारख्या हिश्श्याने जाते. पत्नी, मुलगे, मुली आणि आई, असे हे वारस. तुमच्या मातोश्री हयात आहेत, म्हणून तुमच्या घराचे चार हिस्से पडतील: पत्नीचा पाव, मुलाचा पाव, मुलीचा पाव आणि आईचा पाव. ज्या घरात तुमच्या पत्नीने सगळा संसार केला, त्या घराच्या त्या चतुर्थांश मालक. बाकीच्या तिघांच्या सहीशिवाय त्यांना ते घर विकता येणार नाही.

पुढचा टप्पा लोकांच्या लक्षातच येत नाही. तुमच्यानंतर आईंचं निधन झालं आणि त्यांनीही मृत्युपत्र केलेलं नसलं, तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या वारसांना जाईल. त्यांचे वारस म्हणजे तुमचा भाऊ, तुमची बहीण आणि तुमच्या पश्चात तुमची मुलं. पावाचे तीन भाग म्हणजे प्रत्येकी बारावा हिस्सा. तुमचा काटोलचा भाऊ तुमच्या नागपूरच्या घरात बाराव्या हिश्श्याचा मालक होतो, बहीणही तेवढ्याच हिश्श्याची मालक होते, आणि तुमच्या वाट्याचा बारावा हिस्सा मुलगा-मुलीत चोविसावा-चोविसावा असा वाटला जातो. तुमच्या पत्नीला त्यातलं काहीच मिळत नाही, कारण सासूच्या मुलामुलींकडचे वारस हयात असताना सुनेचा नंबर लागत नाही. यात कोणाचीही नियत वाईट नाही. सगळे गुण्यागोविंदाने राहत असले तरी सह्या मात्र पुणे, वर्धा आणि काटोल अशा तीन ठिकाणांहून गोळा कराव्या लागतील. त्यातलं कोणी आजारी पडलं, परदेशी गेलं किंवा वारलं, की यादी आणखी लांबते. हे सगळं दोन पानी मृत्युपत्राने टळतं. स्वकष्टार्जित मालमत्ता कोणाला द्यायची, हे ठरवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

(हा वारसा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांसाठी भारतीय वारसा कायदा, १९२५ आहे. मुस्लिम वाचकांना, वारसांची संमती नसेल तर, देणी फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र करता येतं, त्यामुळे त्यांनी पुढचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.)

आता नॉमिनीचं. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस. तो मालक असतोच असं नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं होतं, आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा सांगितलं. बँकेला फक्त एवढंच हवं असतं की खातेदार गेल्यावर पैसे कोणाच्या तरी हाती सोपवून आपण जबाबदारीतून सुटावं. तुमच्या ठेवी तुमच्या मुलाच्या हाती येतील. कायद्याने त्या त्याला आई, बहीण आणि आजी यांच्यासह वाटून घ्याव्या लागतील. तो चांगला मुलगा आहे, वाटेलही. पण तुमच्या पत्नीला स्वतःच्या उदरनिर्वाहाचे पैसे मुलाकडून मागून घ्यावे लागतील, आणि त्या पैशांवर त्यांचा हक्क नेमका किती हे कुठेच लिहिलेलं नसेल. ऑनलाइन कामं मुलाने बघावीत, जरूर बघावीत. नॉमिनी होण्याशी त्याचा काही संबंध नाही.

विमा याला काहीसा अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर विम्याची रक्कम त्या नॉमिनीचीच होते. म्हणून पॉलिसीवर कोणाचं नाव आहे ते आजच बघा. तिथे वीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी लावलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं अनेकांच्या बाबतीत निघतं. कुटुंब निवृत्तिवेतनाचं मात्र मृत्युपत्रात लिहून काही होत नाही. ते नियमाप्रमाणे पत्नीला मिळतं. त्यासाठी पेन्शनच्या कागदांवर त्यांचं नाव आणि जन्मतारीख आधार-पॅनशी जुळते का, एवढं तपासून ठेवा. 'सुनंदा' आणि 'सुनंदाबाई' एवढ्या फरकावरूनही फाइल अडकते.

बँकेतलं काम सोपं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. ठेवींसाठी एकाच वेळी टक्केवारी ठरवून, किंवा एकापाठोपाठ एक, असे दोन्ही पर्याय आहेत. लॉकरला फक्त एकापाठोपाठ एक असेच लावता येतात. पत्नीला पहिलं नॉमिनी करा आणि मृत्युपत्रातही ठेवी त्यांनाच लिहा. नॉमिनी आणि मृत्युपत्र एकाच दिशेला असले की बँकेत कोणालाच दुसरा प्रश्न पडत नाही. त्याहूनही बरं म्हणजे मुख्य खातं दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' अशा पद्धतीने करून घ्या, म्हणजे दावा मंजूर होईपर्यंत दूध-भाजीचे पैसे अडणार नाहीत.

बक्षीसपत्राबद्दल मी स्पष्टच लिहितो: तुमच्या परिस्थितीत ते करू नका. मुलाने सांगितलेली स्टॅम्पची रक्कम बरोबर आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहरात स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावा. पण स्वस्त आहे म्हणून करावं अशी ही गोष्ट नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवलं, मुलाने स्वीकारलं, की घर त्याचं झालं. नंतर तुमचं मन बदललं म्हणून ते परत येत नाही.

मुलगा कितीही सरळ असला तरी त्याच्या आयुष्यात काय होईल हे कोणाच्या हाती नाही. त्याचा धंदा बुडाला, कर्ज थकलं, तर तुमचं राहतं घर सावकाराच्या यादीत येतं. आणि एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहायलाच हवी. तुमच्या आधी मुलाचं काही बरंवाईट झालं, तर त्याच्या वारसांत त्याची पत्नी, त्याची मुलं आणि त्याची आई येतात. वडील वर्ग एकच्या वारसांत नाहीत. म्हणजे ज्याने घर बांधलं त्याच माणसाचा त्या घरात कायद्याने शून्य हिस्सा उरतो.

तरीही काही कुटुंबांना बक्षीसपत्र करणं भागच असतं, उदाहरणार्थ मुलाला त्याच जागेवर स्वतःच्या कर्जाने बांधकाम करायचं असतं. अशा वाचकांनी दस्तात दोन गोष्टी लिहूनच घ्याव्यात: आई-वडिलांना हयातभर राहण्याचा हक्क, आणि त्यांची देखभाल करण्याची अट. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ खाली देखभाल न झाल्यास बक्षीसपत्र रद्द करून मिळण्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, करता येतो. पण तो मार्ग त्या अटीवर उभा आहे. दस्तात अटच नसेल, तर अर्जदाराची बाजू पहिल्याच तारखेला लंगडी पडते.

आता वावर. इथे तुमचा हिशोब चुकतो आहे. सहा एकरांत दोन भाऊ, म्हणून माझे तीन एकर, असं तुम्ही धरलं आहे. वडिलांनी ती जमीन स्वतः विकत घेतलेली होती आणि त्यांचं मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे १९९८ मध्येच ती चौघांची झाली: आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण, प्रत्येकी दीड एकर. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला असं लोक म्हणतात. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाएवढाच हिस्सा १९५६ पासून आहे, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. सातबारावर नाव नाही म्हणून हक्क गेला, असं होत नाही. सातबारा हा महसुलासाठीचा उतारा आहे, मालकी त्याने जन्माला येत नाही आणि मरतही नाही. तोंडी हक्क सोडण्यालाही कायद्यात काही किंमत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं.

समजा तुम्ही मृत्युपत्रात 'माझे तीन एकर मुलाला' असं लिहिलं. ते दीड एकरापुरतंच चालेल, आणि त्या एका वाक्याने तुमच्या मुलाला आत्याविरुद्ध उभं करून ठेवाल. भावंडं एकमेकांशी बोलत आहेत आणि आई स्वतःच्या तोंडाने काय हवं ते सांगू शकत आहेत, तोवर हे निस्तरा. आधी चौघांची वारस नोंद दुरुस्त करण्यासाठी पटवाऱ्याकडे (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्या. त्यानंतर बहिणीला विचारा, आणि विचारताना उत्तर आधीच ठरवून जाऊ नका. तिला खरोखर नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. हवं असेल तर तिचा दीड एकर तिचा आहे. संत्र्याची झाडं कोणाच्या बाजूला आणि विहीर कोणाच्या, हे ठरलं की तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटणी होते. गावाकडे '८५ ची वाटणी' म्हणतात ती हीच. तुकडेबंदीच्या मर्यादेखाली तुकडा पडतो का, हे मोजणीच्या आधीच तहसीलमध्ये तपासून घ्या, नाहीतर मोजणीचे पैसे जातात आणि फेरफार (सातबारावरच्या नावांच्या बदलाची नोंद) नामंजूर होतो. वाटणी व्हायच्या आधी मृत्युपत्र करायचं असेल तर एकरांचा आकडा घालूच नका. 'सदर जमिनीतील माझा जो काही अविभक्त हिस्सा असेल तो' एवढंच लिहा.

'मुलीचं लग्नात भरपूर केलं' हेही तुम्ही लिहिलं आहे. लग्नाच्या खर्चाने वारसा हक्क संपत नाही. तरी तुमच्या स्वतःच्या कमाईचं घर कोणाला द्यायचं हे तुम्हीच ठरवायचं आहे, त्यात मुलीला कमी द्यायचं ठरवलं तर कायदा आडवा येत नाही. माझं म्हणणं एवढंच की कमी द्यायचं असेल तर तसं जाणूनबुजून, कारणासह लिहून द्या. तिचा उल्लेखच गाळलात तर उद्या कोणीही म्हणेल की बाबांना विस्मरण झालं होतं, त्यांना मुलगी आहे हेसुद्धा आठवलं नाही. आणि लिहायला बसण्याआधी मुलीशी एकदा स्वतः बोला. वर्धा काही लांब नाही.

मग घर कोणाला लिहावं? दोन रस्ते आहेत. पहिला, पत्नीला पूर्ण मालकी. दुसरा, पत्नीला हयातभर राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क, आणि त्यांच्यानंतर मालकी मुलगा-मुलीला. दुसऱ्यात घर सुरक्षित राहतं, कोणी पत्नीवर दबाव आणून ते लिहून घेऊ शकत नाही. पण त्यांना ते विकताही येत नाही. तुमचं घर दुमजली आहे. आणखी दहा वर्षांनी गुडघ्यांनी साथ सोडली आणि पत्नीला ते विकून लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये किंवा मुलीच्या जवळ जावंसं वाटलं, तर? मी पहिल्याच रस्त्याच्या बाजूने आहे. ज्या बाईने घर सांभाळलं तिला ते विकायचीही मोकळीक हवी. मात्र दोन्ही एकत्र लिहू नका. 'घर पत्नीला पूर्ण मालकीने देत आहे, तिच्यानंतर ते मुलाला मिळेल' असं वाक्य मृत्युपत्रांत वारंवार दिसतं आणि तेच खटल्याचं मूळ होतं. पूर्ण मालकी एकदा दिली की पुढची अट सहसा टिकत नाही. पत्नीच्या नंतरचं पत्नीने स्वतःच्या मृत्युपत्रात लिहावं. म्हणून त्याच दिवशी त्यांचंही मृत्युपत्र करून टाका.

मसुदा साधा ठेवा. कोऱ्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलं किंवा टाइप केलेलं चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही. घराचं कलम साधारण असं असावं:

"नागपूर येथील मौजा …, खसरा क्रमांक …, भूखंड क्रमांक …, क्षेत्रफळ १५०० चौरस फूट, त्यावरील बांधकामासह, ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता माझ्या पश्चात माझी पत्नी … हिला पूर्ण मालकीहक्काने मिळेल. ती माझ्या आधी किंवा माझ्यासोबत मृत्यू पावल्यास सदर मालमत्ता माझा मुलगा … व मुलगी … यांना समान हिश्श्याने मिळेल."

'माझ्यासोबत' हा शब्द मुद्दाम आहे. एकाच अपघातात दोघं गेले आणि आधी कोण गेलं हे कळायला मार्ग नसला, तर वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर वारली असं वारसा कायदा धरतो, आणि मालमत्ता भलत्याच वाटेने जाऊ शकते. भूखंडाचं वर्णन आखीव पत्रिकेवरून (नगर भूमापनाचा मालमत्तेचा उतारा) आणि नासुप्रच्या पट्ट्यावरून (प्लॉटच्या लीजचा दस्त) शब्दशः उतरवा, मालमत्ता कराच्या पावतीवरून नको. पट्ट्याची मुदत कधी संपते तेही त्याच वेळी बघा. संपत आली असेल तर नूतनीकरण तुमच्या हयातीतच करून घ्या.

आणखी एक कलम हवंच: "या मृत्युपत्रात उल्लेख न केलेली व यापुढे मला मिळणारी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता माझी पत्नी … हिला मिळेल." हे नसलं की पुढे घेतलेली स्कूटर, नवीन ठेव, पेन्शनची थकबाकी, सगळं पुन्हा कलम ८ च्या चार हिश्श्यांत जातं. 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत' हे वाक्य, तारीख, प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथे सही. अंमलबजावणी करणारी एक व्यक्ती नेमा आणि तिच्या नसण्यात दुसरी. तुमच्या बाबतीत मुलगा आणि मुलगी दोघांना मिळून नेमलंत तर मला आवडेल.

मृत्युपत्र बहुधा साक्षीदारांच्या ठिकाणी कोसळतं, म्हणून इथे घाई करू नका. दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही करताना दोघांनी पाहिलेलं असावं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही केलेली असावी. पुढे कधी न्यायालयात गेलं तर त्या दोघांतल्या किमान एकाला येऊन सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान, नागपुरातच राहणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही असे निवडा. मुलगा, जावई, सून नकोत. तुमचे समवयस्क स्नेही प्रेमाने तयार होतील, पण वीस वर्षांनी साक्षीला कोण येणार? एक साक्षीदार तुमचे नेहमीचे डॉक्टर असले तर उत्तम. त्याच दिवशीच्या तारखेचं, तुमची मानसिक स्थिती ठीक असल्याचं प्रमाणपत्रही त्यांच्याकडून घ्या.

मुलाला यातून थोडं दूर ठेवा. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मसुदा करवला, त्यानेच गाडीतून नेलं, सहीच्या वेळी तोच शेजारी बसला, अशा मृत्युपत्राकडे न्यायालय संशयाने बघतं. १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून हे सूत्र ठरलेलं आहे: असा संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. तुमच्या मुलाच्या भल्यासाठीच त्या दिवशी त्याला पुण्यात राहू द्या.

नोंदणी सक्तीची नाही, पण करा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची फी नाममात्र आहे. दोन्ही साक्षीदार, सगळ्यांची ओळखपत्रं आणि फोटो घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतात, तसा अर्ज द्यावा लागतो. नोंदणीने साक्षीदारांची गरज संपत नाही. पण कागद हरवला तर प्रत मिळते आणि 'ही सही बाबांची नाहीच' असं म्हणणं अवघड होतं. आणखी एक दिलासा म्हणजे तुम्ही हयात असेपर्यंत नोंदणी झालेल्या मृत्युपत्राची प्रत तुमच्याशिवाय किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कोणालाच मिळत नाही. मूळ प्रत मात्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला वारसाचे कागद लागतात आणि वारसाचे कागद लॉकरमध्ये, अशी कोंडी होते.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, भीती अनेकांना असते. नागपुरात केलेल्या, नागपुरातल्या मालमत्तेच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. नामांतरासाठी नासुप्र, नगर भूमापन आणि महानगरपालिकेचा मालमत्ता कर विभाग, असे तीन वेगळे अर्ज करावे लागतात. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत आणि सहसा इतर वारसांचं संमतीपत्र किंवा शपथपत्र मागतात. एका ठिकाणी नाव लागलं की बाकीच्या ठिकाणी आपोआप लागत नाही. फक्त कराच्या पावतीवर नाव आलं म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि दहा वर्षांनी विक्रीच्या वेळी आखीव पत्रिकेवर वारलेल्या माणसाचं नाव निघतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात.

पत्नीच्या म्हणण्याबद्दल. त्यांना यात अभद्र वाटतं, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्यापुढे मृत्युपत्र हा शब्दही पहिल्यांदा काढू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि दुपारच्या चहानंतर दोघं मिळून लिहायला बसा: कोणत्या बँकेत कोणती ठेव, मुदत कधी, पॉलिसी क्रमांक, पेन्शन कोणत्या शाखेत, लॉकरची किल्ली कुठे, भाडेकरूचं डिपॉझिट किती, भावाकडून येणं किती, कोणाचं देणं किती. देणी नक्की लिहा, वारसांना ती मिळालेल्या मालमत्तेतूनच फेडावी लागतात. पासवर्ड वहीत नकोत, पण ओटीपी कोणत्या मोबाइल क्रमांकावर येतो ते लिहा, आणि तो क्रमांक तुमच्या पश्चात निदान वर्षभर चालू ठेवायला सांगा. ही वही लिहिताना त्यांनाच दिसेल की निम्म्या गोष्टी त्यांना माहीत नाहीत. मग पुढचा विषय त्या स्वतःच काढतील, असा माझा अंदाज आहे.

कर म्हणाल तर चिंता नको. मालमत्ता शुल्क १९८५ मध्येच बंद झालं. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर प्राप्तिकर नाही. पुढे ती विकली तर भांडवली नफा मोजताना तुम्ही दिलेली किंमत आणि तुमचा मालकीचा काळ धरला जातो, म्हणून प्लॉटची रजिस्ट्री, बांधकामाची बिलं आणि मंजूर नकाशा एकाच फाइलमध्ये जपून ठेवा.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात नॉमिनी आणि संयुक्त खातं. याच महिन्यात घराचं आणि ठेवींचं मृत्युपत्र. वावराचं मिटायला वर्ष लागेल, तोवर त्याच मृत्युपत्रात अविभक्त हिश्श्याचं वाक्य घालून ठेवा आणि वाटणी झाली की पुरवणी मृत्युपत्र करा. त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्रात लिहिलेली मालमत्ता मध्येच विकलीत तर ते कलम निरर्थक होतं, म्हणून मोठा व्यवहार झाला की पुन्हा वाचा. वकिलाकडे जाताना पट्टा, आखीव पत्रिका, रजिस्ट्री, अलीकडचा सातबारा, १९९८ चा फेरफार, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची आधारप्रमाणे नावं न्या. १९९८ चा फेरफार सापडत नसेल तर काटोल तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज आधी देऊन ठेवा.